रिकामं बसण्याचा उपदेश

थकलेलं मन ताजंतवानं कसं करावं, याचं एक ठरीव उत्तर सध्या आपल्याकडे जिकडेतिकडे ऐकू येतं. कंपनीतल्या प्रशिक्षणवर्गात ते असतं, रविवारच्या पुरवणीत असतं, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘शुभ सकाळ’च्या पाठोपाठ येऊन पडतं. पहाटे पाचला उठा, वीस मिनिटं डोळे मिटून निर्विचार बसा, हे २१ दिवस खंड न पाडता करा. मन चार्ज होईल. सांगणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. माणसं खरोखरच दमलेली आहेत, आणि कुणी काही सोपं सांगितलं की ती ते धरून ठेवतात. माझा वाद उपायाशी आहे. त्याचा एकेक भाग सुटा करून तपासला तर तो टिकत नाही, आणि ज्या परंपरेचा हवाला देऊन तो सांगितला जातो, तिचंही म्हणणं निराळं आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्याच बाजूनं मांडू. मनाची शक्ती मर्यादित असते. दिवसभर निर्णय घेऊन, मोह आवरून, लोकांची मर्जी सांभाळून ती खर्ची पडते. म्हणून दिवसातून एकदा सगळं थांबवून मन रिकामं करावं, म्हणजे झालेला खर्च भरून निघतो. त्यासाठी पहाट उत्तम, कारण तेव्हा घर शांत असतं आणि ब्राह्ममुहूर्ताची महती तर शास्त्रांनीच गायली आहे. शिवाय सवय मुरायला तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस नेट धरला की पुढे ती आपसूक चालते. म्हणजे एकूण चार विधानं झाली: मन बॅटरीसारखं आहे, ते रिकामं केल्यानं भरतं, त्याची वेळ पहाटेची, आणि मुदत २१ दिवसांची.

पहिल्या विधानावर बाकीची तिन्ही उभी आहेत, म्हणून घाव तिथे घालायला हवा. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो घेतो. आपण गणित सोडवत असू किंवा छताकडे बघत पडलेलो असू, हा खर्च जवळपास सारख्याच दरानं चालू राहतो. अवघड कामानं त्यात पडणारी भर अगदी किरकोळ असते. तेव्हा डोकं चालवल्यानं साठा संपतो आणि न चालवल्यानं साचतो, हा हिशेब शरीरशास्त्रात बसत नाही.

मानसशास्त्रात या कल्पनेला बळ मिळालं ते १९९८ मधल्या एका प्रयोगानं. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुकेल्या विद्यार्थ्यांपुढे ताजी चॉकलेट बिस्किटं आणि मुळे ठेवले. काहींना फक्त मुळ्यांनाच हात लावायची परवानगी होती. मग सगळ्यांना एक न सुटणारं कोडं दिलं. मुळे खाणाऱ्यांनी सुमारे आठ मिनिटांत नाद सोडला, बिस्किटं खाणारे जवळपास १९ मिनिटं झगडत राहिले. मोह आवरण्यात शक्ती गेली, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि आत्मसंयमाचा साठा संपतो ही कल्पना लोकप्रिय पुस्तकांतून जगभर पोचली. पुढे २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर या कल्पनेची फेरतपासणी केली. परिणाम जवळजवळ शून्य निघाला. २०२१ मध्ये आणखी मोठी तपासणी झाली, तिच्यातही हाती लागलं ते नगण्यच होतं. या बातम्या प्रशिक्षणवर्गांपर्यंत पोचलेल्या दिसत नाहीत.

मधल्या काळात वेरोनिका जोब, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१० मध्ये निराळीच गोष्ट दाखवली. मनाची शक्ती वापरल्यानं संपते असं ज्यांना वाटत होतं, तेच अवघड कामानंतर ढेपाळत होते. तसं न मानणारे फारसे ढेपाळत नव्हते. त्याहून आपल्या कामाचा अभ्यास २०१७ चा, कृष्णा सावनी आणि वेरोनिका जोब यांचा. मन एकाग्र करण्याचे कष्ट घेतले की उभारी येते, अशी समजूत भारतीयांमध्ये अमेरिकनांपेक्षा जास्त आढळली. त्यांच्या प्रयोगांत कष्टाचं काम आधी केलेले भारतीय पुढच्या कामात मागे पडण्याऐवजी सरसच ठरले. एका शोधनिबंधावर सिद्धान्त उभा करू नये, हे मान्य. पण ज्या समाजाला मेहनतीनं मन तल्लख होतं हे ठाऊक आहे, त्याच समाजाला आपण आज तुमची बॅटरी उतरली आहे हो, असं रोज बजावून सांगतो आहोत, याचा विचार व्हायला हवा.

याचा अर्थ मानसिक थकवा खोटा आहे असा नव्हे. २०२२ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दिवसभर अवघड बौद्धिक काम केलेल्यांचा मेंदू तपासला, तेव्हा कपाळामागच्या भागात ग्लूटामेट हे रसायन साचलेलं दिसलं. तिथे अडचण इंधन संपल्याची नव्हती, नको ते साठल्याची होती. अशा थकव्यावर पहिला उतारा झोप. ती काटून केलेली कुठलीही साधना म्हणजे रोगापेक्षा उपाय भारी.

आता दुसरं विधान, रिकाम्या मनाचं. मार्कस रेचल यांच्या चमूनं २००१ मध्ये दाखवून दिलं की माणूस काहीही करत नसतो तेव्हा मेंदूतलं एक ठरावीक जाळं अधिक जोमानं काम करू लागतं. काल कोण काय म्हणालं, उद्या काय होईल, आपलं कसं होणार, हे सगळं त्या जाळ्याचं काम. म्हणजे नवख्या माणसाला डोळे मिटून नुसतं बसवलं की मन मोकळं होत नाही, ते घरच्या काळज्यांच्या हवाली होतं. २०१४ मध्ये टिमोथी विल्सन यांनी लोकांना पंधरा मिनिटं एका खोलीत स्वतःच्या विचारांबरोबर एकटं ठेवलं. सोबत फक्त एक बटण, जे दाबलं की स्वतःलाच विजेचा सौम्य झटका बसे. हा झटका टाळण्यासाठी पैसे मोजू, असं हेच लोक आधी म्हणाले होते. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी सहाजणींनी ते बटण दाबलं. आपल्याकडे असं बटण खिशातच असतं, आणि ध्यानाचं ॲप त्याच्यावरच उतरवून घेतलेलं असतं.

इथे ध्यानाचा कैवारी उठून म्हणेल, तुम्ही ध्यानाची टवाळी करता आहात. मुळीच नाही. २०१४ मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा थोडा ते मध्यम उपयोग होतो असं त्यात आढळलं. व्यायामासारख्या इतर उपायांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. ध्यान ही खरी विद्या आहे. माझा आक्षेप आहे तो ती निर्विचार बसण्यापासून सुरू होते, या समजुतीवर. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर असतं. तिथेही पहिले तीन दिवस साधकाला येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायला लावतात, आणि मूळ विपश्यना चौथ्या दिवशी शिकवतात. दहा दिवस मौन पाळून बसलेल्यालाही आधी काहीतरी धरायला दिलं जातं. नोकरी-संसारातून वीस मिनिटं चोरणाऱ्याला मात्र आपण थेट पोकळीत सोडतो.

पतंजलींची अष्टांगंही हेच सांगतात. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. ध्यान सातवं आहे. त्याच्या आधी धारणा आहे, म्हणजे चित्त एका जागी बांधून ठेवणं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन गाऱ्हाणं करतो की मनाला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण. त्यावर कृष्ण त्याला मन रिकामं कर असं सांगत नाही, अभ्यास आणि वैराग्य सांगतो. त्याच अध्यायात अति जागणाऱ्याला योग साधत नाही, हेही स्पष्ट आहे. परंपरेचं नाव घेऊन झोप मोडणाऱ्यांनी तेवढं तरी वाचावं.

तिसरं विधान पहाटेचं. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी सुरू होतो, आणि मुहूर्त ४८ मिनिटांचा. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीच्या मध्याला सव्वासातच्या आसपास. म्हणजे ब्राह्ममुहूर्त कधी साडेचारच्या आत लागतो, तर कधी पावणेसहाच्या थोडा आधी. पाच हा आकडा घड्याळाचा आहे आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो यशस्वी होण्याच्या पुस्तकांतून आला आहे. आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट यानं ब्राह्ममुहूर्ती उठायला सांगितलं ते निरोगी माणसाला, आणि दिवेलागणीनंतर लवकर निजणाऱ्या समाजात. रात्री अकराला कल्याणला उतरून घरी जाणाऱ्याला तो नियम जसाच्या तसा लावणं म्हणजे वाग्भटावर अन्याय आहे. शिवाय लवकर झोपणारी-उठणारी आणि उशिरा झोपणारी-उठणारी अशी माणसांची जी जात असते, तिच्यात वयाचा आणि आनुवंशिकतेचा मोठा भाग असतो. आणि पहाटेची निवांत वीस मिनिटं कुणाला मिळतात? ज्याचा चहा दुसरं कुणी टाकतं त्याला. पाण्याची वेळ गाठणाऱ्या, डबे भरणाऱ्या बाईला पाच वाजता मन चार्ज करायला सांगणं हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

चौथं विधान लवकर आटोपतं. २१ दिवसांचा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून पसरला. रुग्णांना आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘निदान’ गळालं, चेहराही गळाला आणि नियम उरला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांच्या रोजच्या सवयी तपासल्या. सवय मुरायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्यानं सवय मुरण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यांना दिसलं. पतंजलींनी अभ्यासासाठी दीर्घकाळ, सातत्य आणि आदर मागितला आहे, दिवसांचा आकडा दिलेला नाही. आपल्याकडे मात्र दहाव्या दिवशी खंड पडला की माणूस सगळंच सोडून देतो, आणि वर आपल्यातच काही कमी आहे असं मानून बसतो.

खंडन इथे संपलं. आता मंडन.

माझं म्हणणं असं की मन वापरानं जेवढं थकतं त्याहून कितीतरी जास्त ओढाताणीनं थकतं. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की पहिल्याचा अंश मनात रेंगाळत राहतो आणि दुसरं नीट होऊ देत नाही. आजचा दिवस अशा अर्धवटांचाच बनलेला असतो. एका मेलचं उत्तर लिहिताना फोन वाजतो, फोनवर असताना मुलाच्या शाळेचा संदेश येतो, संदेश वाचता वाचता मेल विसरतो. संध्याकाळपर्यंत काम केल्याची खूण काहीच नसते आणि जीव मात्र मेटाकुटीला आलेला असतो. अशा मनाला आणखी एक पोकळी नको आहे. त्याला हवं आहे एक छोटं, अखंड काम, जे सुरू होतं आणि संपतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांनी शार्लोट फ्रिट्झ यांच्यासह २००७ मध्ये कामानंतरच्या विसाव्याचे चार प्रकार मांडले: कामापासून मन सुटणं, आराम, आवडीच्या गोष्टीत हात बसवणं, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. लोकप्रिय उपदेश यातल्या पहिल्या दोनांवर थांबतो. उरलेले दोन रिकामं बसून मिळत नाहीत.

आपल्याकडे हे ज्ञान घरोघर होतं, त्याला कुणी साधना म्हणत नव्हतं इतकंच. जात्यावरच्या दोघी पाहा. समोरासमोर बसलेल्या, खुंट्यावर दोघींचे हात. एकीचा मोकळा हात मधूनमधून मूठभर जोंधळा जात्याच्या तोंडात सोडतो. याला वैरण घालणं म्हणतात. वैरण जास्त पडली तर पीठ भरड येतं, कमी पडली तर दगडावर दगड घासतो, म्हणून हाताला सावध राहावं लागतं. पण सगळं लक्ष त्यात जात नाही. जात्याच्या फेऱ्यानं लय धरली की उरलेलं मन ओवीत उतरतं: माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल. हेमा राईरकर, गी पॉइतव्हँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या बायकांचं मन निर्विचार नव्हतं. ते भरलेलं होतं आणि त्याला वाट मिळत होती. सूप रिकामं झालं की दळण संपलं, आणि त्याबरोबर ओवीही थांबली.

इथे रास्त आक्षेप येतो. जातं म्हणजे काबाडकष्ट, त्याचं कसलं कौतुक? पिठाची गिरणी आल्यावर बायकांनी जातं आनंदानं सोडलं, आणि ओव्यांमध्येही त्या कष्टांची तक्रार आहेच. मीही कुणाला जात्याकडे परत पाठवत नाही. दळण लादलेलं होतं, त्यातलं गाणं मात्र त्या बायकांनी स्वतः घडवलं. आपल्याला घ्यायची आहे ती त्या गाण्यामागची रचना: हात गुंतलेले, मन निम्मं मोकळं, कामाला माप.

हीच रचना इतरत्रही सापडते. उंबरठ्यापुढची फरशी गेरूनं सारवून ठिपके काढायचे, मग चिमटीतली रांगोळी सारख्या धारेनं सोडत ते जोडायचे. मध्येच चिमूट सैल पडली तर रेघ जाड होते, म्हणून त्या दहा मिनिटांत हात आणि डोळा दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. दुपारपर्यंत ती रांगोळी तुडवली जाते आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. संध्याकाळी टाळ घेऊन हरिपाठाला बसणाऱ्या वारकऱ्याला किती मिनिटं बसायचं हे घड्याळ सांगत नाही. ठरलेले अभंग झाले की उठायचं. गांधीजींनी चरख्याला अर्थकारणाबरोबरच मन शांत करण्याचं साधनही मानलं होतं, आणि रोजचं कातणं त्यांनी देशभरच्या व्यापातही सोडलं नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो दहा ठरलेल्या स्थितींचा आणि श्वासाचा मेळ घालून. यांतल्या एकाही गोष्टीत माणूस रिकामा बसलेला नाही.

या सगळ्यांतून मला रोजच्या सोप्या साधनेची चार लक्षणं दिसतात. पहिलं, तिच्यात हात, आवाज किंवा पाय गुंतलेले असावेत. नुसत्या मनानं मन आवरत नाही. दुसरं, तिला मिनिटांपेक्षा मापाची हद्द असावी: एक पान सुवाच्य अक्षरात उतरवणं, तंबोऱ्याच्या चार तारा जुळवून खर्ज लावणं, बारा नमस्कार, एक गजरा. मापाचं काम पुरं होतं, आणि पुरं झालेलं काही तरी हाती लागणं हीच दिवसभराच्या अर्धवटांवरची मात्रा आहे. तिसरं, त्याची नोंद कुठे द्यायची नसावी. पावलं मोजणारं घड्याळ आणि सलग दिवसांची साखळी दाखवणारं ॲप त्या विसाव्याचंही काम करून टाकतात. चौथं, ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडलेली असावी: चहानंतर, दिवा लावल्यावर, मुलं झोपल्यावर. वेळ ज्याची त्यानं ठरवावी. पहाट मिळत असेल तर उत्तमच, रात्री साडेनऊ असेल तरी साधनेला कमीपणा येत नाही.

शेवटचा आक्षेप पूर्वपक्षाचाच, आणि तो गंभीर आहे. असे छंद मनावरचा खरा भार हलका करतात का? कर्जाचा हप्ता, म्हाताऱ्या आईचं आजारपण, जाचक वरिष्ठ यांना गजरा काय करणार? काहीही नाही. कुठलीही साधना हे करू शकत नाही, आणि मन चार्ज करा म्हणणाऱ्यांचा मोठा दोष हाच की ते अन्यायाचा आणि आजाराचा भारही माणसाच्या वैयक्तिक नाकर्तेपणावर ढकलतात. बारा तास राबवून घेणाऱ्या कार्यालयानं ध्यानवर्ग भरवण्यापेक्षा कामाचे तास कमी करावेत. आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगणं नकोसं झालं असेल, तर रांगोळी आणि ध्यान दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे.

बाकीच्या दमलेल्यांना, म्हणजे बहुतेक आपल्या सगळ्यांना, माझी विनंती एवढीच. मन रिकामं होत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. ते रिकामं व्हायला बनलेलंच नाही. हाताला जमेल असं एक छोटं काम निवडा, त्याचं माप ठरवा आणि ते पुरं करून उठा. झोप मोडून करू नका, त्यासाठी काही विकत घेऊ नका, कुणाला कळवू नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी करा.